तिसरं इस्पिक

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५. लातूर

ही वही उज्वलाच्या शाळेतली, मागं पाढे छापलेली. म्हणाली, "माणसांना तोंडावर बोलता ते ह्यात लिहा. कागद काय रडत न्हाई." माझी बायको मुरुडला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. रोज बसनं जाते, बसनं येते, आणि भेटेल त्याला गृहपाठ देते. तर हा माझा.

काल गोव्यात सहाशे बारा खेळाडूंतून नऊ उरले, त्यात मी आहे. उमाशंकर, वय पस्तीस, मूळचा उदगीरचा. पोकर हा माझा धंदा, सहा वर्षं झाली. फायनल कालच उरकायला पाहिजे होती, पण टीव्हीवाल्यांना आधी नऊ जणांच्या "गोष्टी" दाखवायच्या आहेत. म्हणून फायनल तीस तारखेला. पंगतीत पानं वाढून झाल्यावर "जरा थांबा, फोटोवाला यायचाय" म्हणावं, तसला प्रकार. नऊ माणसं अर्ध्या जेवणावरून उठवून घरी पाठवली.

आमच्या घरातला करार इथं लिहून ठेवतो. ऑगस्टमध्ये सरकारनं पैशाचा ऑनलाइन खेळ बंद केला, तेव्हा माझं रोजचं दुकान बसलं. उरल्या गोव्यातल्या समोरासमोरच्या स्पर्धा. उज्वला म्हणाली, "एक मोठी स्पर्धा खेळा. जिंकलात तर जन्मभर खेळा, मी चकार शब्द काढणार न्हाई. न्हाई जिंकलात तर अमृतराव सरांच्या क्लासवर परत." मी हो म्हणालो. अमृतराव म्हणजे माझा जुना मालक. त्याच्या क्लासवर मी पाच वर्षं गणित शिकवलं. एका हॉलात एकशेवीस पोरं, आणि दाराच्या काचेतून हा बघणार की मी एका गणिताला किती मिनिटं घेतो. तिथं परत जाण्यापेक्षा मी मोंढ्यात पोती उचलीन.

बाकीच्या आठांत घाबरण्यासारखं कुणी नाही. सहा जण बापाच्या जिवावर खेळणारे, दिल्ली-बंगळुरूचे. एक रिटायर झालेला बँकवाला, पत्ता उचलताना त्याचा हात कापतो. आणि एक हैदराबादची पुनम नावाची पोरगी. इंग्रजीशिवाय बोलत नाही, कानांत सदा गाण्याची बोंडं घातलेली, नुसत्या नशिबावर इथवर आली. शंभरात पस्तीस, तेही ग्रेस धरून.

बुधवार, १२ नोव्हेंबर

तीन पेपरांत आलो. एकात "लातूरचा जुगारी गोव्यात चमकला." दुसऱ्यात मी "रमीपटू." तिसऱ्यात मजकूर बरा आहे, पण फोटो माझ्या चुलतभावाचा. त्याचं खताचं दुकान आहे आणि तो सकाळपासून खूश आहे.

अकलेचे कांदे सगळे. एकानंही फोन करून विचारलं नाही की बाबा, तू नक्की करतोस काय.

कात्रणं उज्वलानं फाइलीत लावून ठेवली. म्हणजे मी लावली, फाइल तिची आहे.

उदगीरहून सगळ्यांचे फोन आले, अप्पांचा नाही. माझ्या वडलांचं, चन्नबसप्पांचं, तिथं चौकात कापडाचं दुकान आहे. मी क्लास सोडला तेव्हापासून ते मला "काय चाललंय" असं विचारत नाहीत. "जेवलास का" एवढंच विचारतात.

शनिवार, १५ नोव्हेंबर

मुंबईची टीम आली. चार माणसं, सात पेट्या आणि डोक्यावर अंबाडा घातलेला एक दिग्दर्शक. त्यानं आमचं औसा रोडवरचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर पाहिलं आणि त्याचं तोंडच उतरलं. भिंतींना रंग होता. फ्रिज होता.

"सर, तुमच्या स्टोरीत स्ट्रगल दिसत नाहीये."

मी म्हणालो, "स्ट्रगल डोक्यात आहे. तो दाखवा."

"ते कॅमेऱ्यात येत नाही ना सर. शेत आहे का? बैलगाडी?"

"कापडाचं दुकान आहे."

मग त्यानं मोबाइलवर काहीतरी पाहिलं आणि त्याचे डोळे चमकले. "तुमच्या भागात भूकंप झाला होता ना? तुम्ही त्यातून वाचलात, असं घेऊ या?"

मी त्याला सांगितलं की तेव्हा मी तीन वर्षांचा होतो आणि उदगीरला झोपलो होतो. आमच्या घरात फळीवरची एक कळशी पडली. तो म्हणाला, "कळशी सुंदर आहे सर. कळशी ठेवू. आणि किल्लारीच्या जुन्या गावात तुम्ही एकटे चालताय, एवढा एकच शॉट."

उज्वला चहा घेऊन आली होती. ती किल्लारीची. त्या पहाटे ती एक वर्षाची होती आणि तिला तिच्या बापानं ढिगाऱ्यातून काढलं. तिनं ट्रे खाली ठेवला.

"तिथं माझी आजी हाय," ती म्हणाली. "दोन चुलत्या हायेत. चालायचं असंल तर चपला काढून चालायचं, आन् ह्यो कॅमेरा हितं ठेवून."

अंबाड्यानं मोबाइल खिशात घातला. मला उज्वलाचा लई अभिमान वाटला, आणि अशी बायको असून मीच आधी नकार कसा दिला नाही, याची लाजही वाटली. खरं लिहायचं तर मी "बघू" म्हणणार होतो. गोष्ट टीव्हीवर यायची होती.

मग त्यांनी मला गच्चीवर उभं करून दीड तास पत्ते पिसायला लावले. "डोळ्यांत भूक आणा सर." मी दुपारी तीन भाकरी खाल्ल्या होत्या. दिग्दर्शकाला दहात दोन, आणि ते दोन वेळेवर आला म्हणून.

सोमवार, १७ नोव्हेंबर

अमृतराव आला होता. शाल, श्रीफळ आणि स्वतःचा फोटोग्राफर घेऊन. माझ्याच घरात माझा सत्कार केला आणि माझ्याच घरचा चहा पिऊन बसला. म्हणाला, "उमाशंकर सर, तुम्ही काहीबी खेळा. पण फळ्यावर तुमच्यासारखा हात अजून कुणाचा न्हाई. जागा ठेवलीय बरं का."

जागा ठेवलीय म्हणे. मी हरायची वाट बघून राहिलाय लेकाचा. उज्वला मात्र त्याला दारापर्यंत सोडायला गेली आणि दोघं तिथं पाच मिनिटं बोलत उभे होते.

बुधवार, १९ नोव्हेंबर. उदगीर

अव्वानं, म्हणजे आईनं, बोलावलं म्हणून आलो. दुपारी दुकानात बसलो होतो. अप्पा एका बाईला लुगडं दाखवत होते. तेवढ्यात त्यांचे मित्र शेषेराव आले, आडत दुकानवाले. मला बघून आख्ख्या चौकाला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले, "आरं वा! चन्नबसप्पा, तुमचं पोरगं जुगारात नाव काढून राहिलं म्हणं! आमालाबी शिकव की रं. न्हाईतरी दिवाळीला आमी हरतोच."

दुकानातली सगळी हसली. ती लुगडं बघणारी बाईसुद्धा.

मी शेषेरावांना सांगायला लागलो की जुगारात नशीब आणि पोकरमध्ये गणित. अप्पा मध्येच म्हणाले, "साकु." म्हणजे पुरे. आमच्या घरात कानडी निघालं की विषय संपला. मग ते लुगड्याची घडी घालत राहिले, कडेला कड लावून, माझ्याकडं न बघता.

सहा वर्षं मी हे सहन करतोय. पेपरवाले मूर्ख, टीव्हीवाले मूर्ख, ते ठीक. पण माझ्या बापानं मला शेषेरावाच्या पंगतीला बसवावं? चौकात बसून पत्ते कुटणाऱ्या माणसाच्या? मला रडू आलं. गोदामात गेलो आणि गठ्ठ्यांवर बसून रडलो, पस्तिसाव्या वर्षी. बाहेर आलो तर अप्पा म्हणाले, "जेवलास का?"

शुक्रवार, २१ नोव्हेंबर. लातूर

आज पंचशीला नावाची एक मुलगी आली होती. उदगीरची आहे, स्वतःचं यूट्यूब चॅनल चालवते. सोयाबीनचा भाव, नळाला पाणी कधी येणार, असल्या बातम्या. मोबाइल आणि तिपाई, बस एवढंच. आल्या आल्या तिनं पहिला प्रश्न विचारला, "सर, तीन पत्तीत तुमी कसं काय..."

संपलं. माझं डोकं फिरलं.

"तीन पत्ती?" मी म्हणालो. "बाई, तुम्ही पत्रकार आहात की कोण आहात? बसा खाली. कॅमेरा लावा. आणि मध्ये बोलू नका."

आतल्या खोलीत माझा पांढरा फळा आहे, सरावाचा. मार्कर घेतला आणि सुरुवात केली. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेली पानं. टेबलावर पाच उघडी, सगळ्यांची सामाईक, टप्प्याटप्प्यानं उघडतात. दर टप्प्याला बोली. या सातांतली पाच चांगली पानं म्हणजे तुमचा डाव. पोरगी वहीत लिहून घेत होती. विचारलेले प्रश्न बरे होते. मग तिनं विचारलं, "पण सर, पानं खराब असूनबी जिंकतात ते कसं?"

हा खरा प्रश्न. अमृतरावाच्या एकशेवीस पोरांत वर्षाला एक जण असला प्रश्न विचारायचा.

मी तिला अप्पांचं उदाहरण दिलं. "आमचे अप्पा चाळीस वर्षं एक बोटभर कापड कमी मापत नाहीत. त्यामुळं ते म्हणाले हा रंग जाणार नाही, तर गिऱ्हाईक पदर भिजवून बघत बसत नाही. पोकर म्हणजे तेच. आधी अब्रू कमवायची. मी पहिले तीन तास एकदाही खोटं खेळत नाही. सगळ्यांची खात्री पटते की हा लातूरचा मास्तर सरळ आहे. मग एकदाच खोटं, आणि मोठं."

"कधी?"

फळ्यावर काढून दाखवलं. टेबलावर चार पानं उघडी आहेत, त्यांत दोन इस्पिक. पाचवं उघडलं, तेही इस्पिक. म्हणजे तिसरं. आता ज्याच्या हातात दोन इस्पिक असतील त्याची पाच पुरी होतात. फार मोठा डाव. सगळे त्या तिसऱ्या इस्पिकाला भितात. तिथं मी हातात काही नसताना माझ्यापुढच्या सगळ्या चकत्या, म्हणजे सगळे पैसे, एकदम पुढं ढकलतो. गोव्यात दिल्लीवाल्याला असाच उठवला.

"आन् खरंच इस्पिक असली तर?"

"तर थोडं थोडं लावायचं. खरा माल असला की घाई कशाला? गिऱ्हाईक बिचकू नये. घाई खोट्याला असते." हे वाक्य मी फळ्यावर लिहून खाली रेघ मारली.

सत्तेचाळीस मिनिटं झाली. मध्ये बाकीच्या आठांबद्दलही बोललो, कोण किती पाण्यात आहे ते. हैदराबादच्या पोरीबद्दल म्हणालो की ती नशिबाची आहे, गणिताशी संबंध नाही.

तिपाई आवरताना पंचशीला म्हणाली, "सर, हे तीस तारखेनंतर टाकू का?"

"का? आजच टाक. लोक मला जुगारी म्हणून राहिले ते आज. तीस तारखेनंतर नाही."

"पण सर, तुमचं गुपितच..."

"गुपित नाही ते, तत्त्व आहे. तत्त्व कळलं म्हणून कुणाला खेळता येत नाही. पाढे सगळ्यांना येतात."

तिनं दारातून पुन्हा एकदा विचारलं. मी म्हणालो, टाक. पोरगी चुणचुणीत आहे, पण उंटावरून शेळ्या हाकायची सवय दिसते.

बरं वाटलं आज. सहा वर्षांत एवढं मोकळं वाटलं नव्हतं. घसा बसलाय.

रविवार, २३ नोव्हेंबर

दोन दिवसांत तो व्हिडिओ तीन लाख लोकांनी पाहिला. तीन लाख! सोयाबीनच्या भावाला तिच्याकडं चारशे यायचे. खाली नऊशे अभिप्राय आहेत, सगळे वाचले. निम्मे "लई भारी सर." काही अगदीच बिनडोक. एकानं लिहिलंय की एक्का नेहमी सगळ्यांत लहान असतो. त्याला उत्तर लिहिलं. त्यानं उलट वाद घातला, मग आणखी चार उत्तरं लिहिली. गाढवापुढं वाचली गीता.

संध्याकाळी पंचशीलाचा फोन. "सर, बघणाऱ्यांत हैदराबादचे लई दिसून राहिले. कुठनं बघतात ते मला कळतं. एकच कुणीतरी परत परत बघतंय असं वाटतं. तीसपर्यंत काढून ठेवू का?"

मी म्हणालो, "हैदराबादला आपल्या भागातले ढीगभर लोक आहेत. राहू दे."

उज्वलानं ऐकलं. ती म्हणाली, "काढा म्हणतीय तर काढा की हो. काय बिघडतं?"

काढा! तीन लाख लोकांपुढं उघडा फळा मी पुसू? चुकलो म्हणून लपवला असं म्हणतील. आणि त्या श्रीमंतांच्या पोरांना मराठीतलं एक अक्षर तरी कळतं का?

सोमवार, २४ नोव्हेंबर

अप्पांचा फोन. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आधी "जेवलास का" विचारलं नाही.

"पाहिलं," म्हणाले. "तीनदा. शेषेरावालाबी दुकानात बसवून दावलं. त्याला हाफ समजलं, मला समदं समजलं."

उज्वला स्वयंपाकघरातून बघत होती. तिला खुणेनं सांगितलं, अप्पा.

मग ते म्हणाले, "पर उमा, अब्रू कमवायची म्हणलास ते बराबर. मी ती कधी खर्चली मातर न्हाई."

फोन ठेवला. शेवटचा मुद्दा त्यांना नीट कळलेला दिसत नाही. भेट झाली की समजावून सांगीन. पण आज मी खूश आहे. अप्पांनी पाहिलं. तीनदा पाहिलं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर. गोवा

आज पत्रकारांपुढं आम्हा नऊ जणांना बसवलं. एकेकाची तयारी काय वर्णावी. या पोरांनी पैसे देऊन माणसं ठेवलीत, पत्रकारांशी कसं बोलायचं ते शिकवायला. आणि शिकले काय? तर काहीच न बोलायला. "मजा येतेय." "सगळेच चांगले खेळतात." "एकेक डाव बघू." बंगळुरूचा एक तर तीन प्रश्नांना तेच उत्तर देऊन उठला. त्या पुनमला विचारलं, तयारी कशी केली? हसून म्हणाली, "बराच अभ्यास केला," तेही इंग्रजीत, आणि कानांत बोंडं घालून मोकळी. तोंड उघडलं तर अज्ञान दिसेल ना.

मी वीस मिनिटं बोललो. पत्रकारांनी लिहून घेतलं. एवढं कुणाचंच लिहून घेतलं नाही.

लिफ्टमध्ये दिल्लीवाला भेटला. मला "गुरुजी, नमस्ते" म्हणाला आणि शेजारच्याकडं बघून हसला. मागच्या खेपेला मी त्याला उठवलं, पण त्यानं पुन्हा पैसे भरून प्रवेश घेतला होता. हरल्याचा राग आहे, दुसरं काय.

सोमवार, १ डिसेंबर. गोवा

काल बारा वाजता सुरू झालं.

पहिले तीन तास मी अक्षरशः सोन्यासारखा खेळलो. एकही खोटं नाही. एकेक जण उठत गेला. बँकवाला, दिल्लीवाला, मग आणखी दोघं. पाच उरलो. माझ्यापुढं चकत्यांचा दुसऱ्या नंबरचा ढीग. समोर पुनम, तिच्यापुढं माझ्याहून थोडा जास्त.

मग तो डाव. माझ्या हातात बदामचा एक्का आणि चौकटची राणी. टेबलावर इस्पिकची नश्शी, चौकटची चौकी, इस्पिकची दुर्री, किलवरचा गुलाम. माझं काही जमलं नव्हतं. आम्ही दोघंच डावात. पाचवं पान उघडलं. इस्पिकची सत्ती.

तिसरं इस्पिक. तीन तासांची अब्रू माझ्याकडं जमा होती. मी सगळ्या चकत्या ढकलल्या, एकदम. वहीत खोटं लिहिण्यात अर्थ नाही: ढकलताना मला आनंद झाला होता. तीन लाख लोकांना शिकवलेलं गणित आता टीव्हीवर दुनियेपुढं सोडवून दाखवतोय, असं वाटलं.

तिनं कानांतली बोंडं काढली आणि टेबलावर ठेवली. माझ्याकडं पाहिलं.

"घाई खोट्याला असते ना, सर?" ती म्हणाली.

मराठीत. आमच्याकडच्या मराठीत.

तिच्याकडं नश्शीची जोडी होती, नुसती. हातात बदामची नश्शी आणि एक फुटकळ दश्शी. शहाणा माणूस तेवढ्यावर सगळं लावत नाही. ती म्हणाली, "बघते," आणि लावलं. मी माझी पानं उलटी केली. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मी पाचवा.

उठलो. रीत म्हणून हात पुढं केला. पोरगी टेबलाला वळसा घालून आली आणि वाकून माझ्या पाया पडली. चार कॅमेरे आमच्या अंगावर.

"मी नांदेडची, सर," ती म्हणाली. "वडिलांची बदली झाली म्हणून मी त्यांच्याबरोबर हैदराबादला गेले. आई अजूनही नांदेडलाच राहते. तिनंच तुमचा तास पाठवला, म्हणाली बघ, आपल्याकडचे सर हायेत. अकरा वेळा पाहिला. असं कुणी शिकवतच नाही हो सर." मग हळूच म्हणाली, "ती नशिबाची पोरगी मीच."

थट्टा करत असती तर बरं झालं असतं, तिच्या थोबाडावर बोललो असतो. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि माझा हात. पाच वर्षं निकालाच्या दिवशी पोरं पाया पडायची, त्या हाताला तेवढंच ठाऊक. तो आपोआप तिच्या डोक्यावर गेला. "यशस्वी हो" असं मी म्हणालो, आणि ते माइकमध्ये गेलं.

झाली ती यशस्वी. संध्याकाळी करंडक तिनं उचलला. करंडक हातात असतानाच पत्रकारांनी तिला विचारलं, गुरू कोण? तिनं माझं नाव सांगितलं. मग सगळी झुंड माझ्याकडं आली. "सर, शिष्येकडून हरल्यावर कसं वाटतं?"

मी हिला एक दिवस शिकवलेलं नाही, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण तेही खरं नव्हतं.

बुधवार, ३ डिसेंबर. लातूर

घरी. दारात कुणी नाही. पेपरात पुनमचा फोटो, खाली एका ओळीत "लातूरच्या गुरूचा आशीर्वाद." या वेळी जुगारीही नाही, रमीपटूही नाही. ही अक्कल त्यांना आजच सुचायची होती.

सगळा दोष पंचशीलाचा, असं सकाळी या पानावर लिहिलं होतं. ते खोडलं, कारण दुपारी ती स्वतः आली. एकटीच आली, कॅमेरा न घेता. अर्धा किलो पेढे आणले होते आणि देऊ की नको अशी उभी होती. म्हणाली, "सर, मी दोनदा इचारलं होतं. फोन धरून तीनदा."

"हो," मी म्हणालो.

ती गेल्यावर मी उज्वलाला म्हणालो, त्या पोरीनं मराठी येत नसल्याचं सोंग केलं. ही फसवणूक आहे.

उज्वला वह्या तपासत होती. "तिनं कुठं सांगितलं येत न्हाई म्हणून? तुमी धरून चाललात." मग पेन खाली ठेवून म्हणाली, "तुमाला चुकीचं ऐकवतच न्हाई हो. चोर कुलपाशी खटपट करत असला, तरी तुमी म्हणाल, आरं बाबा, तसं न्हाई, किल्ली उजवीकडं फिरव."

मी चिडलो. उठून गच्चीवर गेलो. परत आलो तर तिनं ताट वाढलं होतं. कराराचं ती काही बोलली नाही. मीच म्हणालो, "सोमवारपासून जातो." ती "हाव" म्हणाली आणि तिनं भाजी वाढली, जरा जास्तच. मग आत जाऊन रडली. माझ्यासाठी रडली की सुटकेनं, ते मला विचारता आलं नाही.

सोमवार, ८ डिसेंबर

अमृतरावानं केबिनमध्ये बसवून पगार सांगितला. आधीच्या दुप्पट आहे. मला आश्चर्य वाटलं. मग कारण कळलं. "सर, तुमचा तो तास नऊ लाखांवर गेला. आता हॉलमधी बसणाऱ्या एकशेवीसांचं सोडा, सगळं रेकॉर्ड करायचं. गावोगावची पोरं मोबाइलवर बघतील." हॉलच्या मागच्या भिंतीला कॅमेरा लावलाय, काळा, मनगटाएवढा. दाराची काच बरी होती. अमृतराव निदान जेवायला तरी जायचा.

मी सांगितलं, शिकवीन, पण त्या डबड्याकडं बघणार नाही. ते नाटक मला पुन्हा जमणार नाही.

पहिला तास संभाव्यतेचा होता. पोरं कुजबुजत होती, काहींनी व्हिडिओ पाहिलेला असणार. एकानं विचारलं, "सर, पत्त्यांचं उदाहरण घ्या ना." त्याला म्हणालो, फासे घेऊ. चाळीस मिनिटं शिकवलं. घंटा झाली, हॉल रिकामा झाला, कॅमेरावाला वायरी गुंडाळायला लागला. तेव्हा फळ्याकडं पाहिलं तर चौथ्या पायरीत छेदातला एक घटक लिहायचा राहिला होता. उत्तर बरोबर, पण पायरी चुकीची.

कॅमेरावाल्याला दाखवलं. तो म्हणाला, "चालतंय सर. कुणाला कळत न्हाई."

मी त्याला वायरी पुन्हा सोडायला लावल्या. फळा पुसला, कॅमेऱ्याच्या बरोबर समोर उभा राहिलो आणि रिकाम्या हॉलात तो तास पहिल्यापासून परत घेतला.